गाव सोडलेल्यांची इटालियन

१८९६ साली दक्षिण इटलीतल्या आविल्यानो या डोंगराळ गावातून नऊ वर्षांचा एक मुलगा आई आणि भावंडांबरोबर आगबोटीने न्यूयॉर्कला आला. वडील आधीच तिथे जाऊन राहिले होते. ईस्ट हार्लेममधल्या एका धर्मादाय शाळेत त्याचं नाव घातलं गेलं. दुपारी मुलांना सूप मिळायचं म्हणून वस्तीत तिला सूपशाळाच म्हणत. एक दिवस वडिलांची सही घ्यायला त्याने प्रगतिपुस्तक घरी आणलं. सही करता करता वडील थांबले. आडनाव कोविएल्लो, आणि कागदावर लिहिलेलं होतं कोवेल्लो. उच्चाराला सोपं जावं म्हणून शिक्षिकेने मधला एक स्वर उडवून टाकला होता. मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आईला मात्र तो घराच्या अब्रूवरचा घाव वाटला. स्वर काही परत आला नाही. लिओनार्ड कोवेल्लो याच नावाने तो मुलगा पुढे शिक्षक झाला, आणि अमेरिकेतल्या इटालियन भाषाशिक्षणाची हकिगत सांगायची तर त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

कोवेल्लोंनी १९५८ साली ‘द हार्ट इज द टीचर’ हे आत्मचरित्र लिहिलं. त्यात एक सल सतत जाणवतो. इटालियन म्हणजे कमी दर्जाचं, ही समजूत मुलांनी शाळेतून उचलली आणि आईबापांची लाज वाटू लागणं हीच अमेरिकन होण्याची पहिली पायरी ठरली. डेविट क्लिंटन हायस्कुलात शिकवायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इटालियन घरांतली मुलं फ्रेंच शिकतात, स्पॅनिश शिकतात, पण स्वतःच्या घरची भाषा विषय म्हणून घ्यायची त्यांना सोय नाही. त्यांनी मुलांचं इटालियन मंडळ काढलं, पालकांच्या गाठीभेटी घेतल्या, शिक्षण मंडळाचा पिच्छा पुरवला. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांत इटालियनला इतर आधुनिक परदेशी भाषांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. १९३४ साली ईस्ट हार्लेममध्येच बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल निघालं, तेव्हा त्याचे पहिले मुख्याध्यापक कोवेल्लो होते.

पण या यशात एक पेच होता आणि तो आजही प्रत्येक इटालियन वर्गात हजर असतो. आविल्यानोच्या माणसांच्या तोंडी जे होतं ते पुस्तकातलं इटालियन नव्हतंच. ती बासिलिकाता प्रांतातली बोली होती. शेजारच्या गल्लीत सिसिलीची बोली, त्यापुढे नापोलीची. शाळेत जी भाषा ‘तुमची’ म्हणून शिकवली जाणार होती ती फ्लॉरेन्सच्या लिखित परंपरेतून आलेली, दान्ते, पेत्रार्का आणि बोकाच्चो यांच्या ग्रंथांतली. म्हणजे मुलाला घरची भाषा शिकवायची म्हटली तरी तिसरीच एक भाषा शिकवावी लागणार होती.

यात मुलांचा किंवा शाळेचा दोष नव्हता. इटली हा देश म्हणून १८६१ साली एक झाला, रोम त्यात १८७० मध्ये आलं. एकीकरणाच्या वेळी इटालियन खरोखर बोलू शकणारे किती होते यावर अभ्यासकांत वाद आहे. तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात हा आकडा अडीच टक्क्यांच्या आसपास मांडला. आर्रिगो कास्तेल्लानी यांनी टस्कनीच्या बोलीभाषकांनाही धरून तो दहा टक्क्यांपर्यंत नेला. कोणताही आकडा घ्या, दहातली नऊ माणसं आपापल्या बोलीत जगत होती आणि चारातल्या तिघांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग आज सगळा देश बोलतो ती इटालियन आली कुठून? शाळा, लष्कर, रेल्वे, वर्तमानपत्रं आणि १९५४ नंतर दूरदर्शन ही नेहमीची उत्तरं आहेत आणि ती बरोबरच आहेत. दे माउरोंनी त्यांत आणखी एका कारणाची भर घातली, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं: देश सोडून गेलेली माणसं.

१८७६ ते १९७६ या शंभर वर्षांत सुमारे २ कोटी ६० लाख लोकांनी इटली सोडली. एकट्या १९१३ साली पावणेनऊ लाखांच्या घरात माणसं बाहेर पडली. त्यातले पुष्कळ जण परतही आले. पण गावात असताना ज्याला अक्षराची गरज कधी पडली नव्हती, त्याला ब्राझीलच्या मळ्यात किंवा पेनसिल्व्हेनियाच्या खाणीत बसून बायकोला निरोप धाडायचा होता. बोलीत लिहायची रीत नव्हती. लिहायचं म्हणजे इटालियनमध्ये, जमेल तसं. शिवाय पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, तर घरातल्या कर्जाची, भांडणांची, पोरीच्या लग्नाची बातमी परक्याच्या कानावर जाणार. तिकडे कारखान्यात निरक्षर माणसाला कसं नाडलं जातं हेही त्याने पाहिलेलं. म्हणून पत्रांतून ताकीद येऊ लागली: पोराला शाळेत घाल. १९१७ साली अमेरिकेने कायदाच केला, की सोळा वर्षांवरच्या नवागताला कोणत्या तरी भाषेतले तीस-चाळीस शब्द वाचून दाखवता आले पाहिजेत. इटलीच्या गावोगावी साक्षरतेचा याहून रोकडा प्रचार दुसरा कोणी केला नसेल. इटलीच्या सरकारला जे साधत नव्हतं ते सोडून गेलेल्यांनी टपालाने साधलं, असं मी म्हणेन.

या पत्रांकडे आणि वह्यांकडे भाषेचं साधन म्हणून बघायला अभ्यासकांनी बराच वेळ घेतला. टस्कनीतल्या पिएव्हे सांतो स्तेफानो या छोट्या गावात १९८४ साली साव्हेरिओ तुतीनो या पत्रकाराने सामान्य माणसांच्या रोजनिश्या आणि आठवणींचं संग्रहालय सुरू केलं. तिथे आलेल्या हस्तलिखितांत तोम्माझो बोर्दोनारो यांची वही होती. पालेर्मोजवळच्या बोलोन्येत्ता गावचा हा शेतमजूर १९४७ मध्ये न्यू जर्सीला गेला आणि म्हातारपणी त्याने आपलं आयुष्य लिहून काढलं. शिक्षण नावालाच. ही वही १९९१ साली ‘ला स्पार्तेंत्सा’ म्हणजे ‘ताटातूट’ या नावाने पुस्तकरूपात आली, आणि छापताना त्या अर्ध्याकच्च्या इटालियनची इस्त्री केली गेली नाही.

वर्गात असं एखादं पान पुढे ठेवलं की काय होतं ते बघण्यासारखं आहे. स्थलांतरितांची पत्रं बहुतेकदा ठरलेल्या ओळीने सुरू होतात: मी बरा आहे, तुम्हीही तसेच असाल अशी आशा करतो. आपल्याकडच्या ‘इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे’ची ही सख्खी बहीण. ती ओळ शाळेत किंवा लेखनिकाकडून पाठ झालेली, म्हणून शुद्ध असते. पुढे माणूस स्वतःचं सांगू लागतो आणि भाषा बदलते. उच्चारात नसलेला ‘ह’ लिहायचा राहून जातो, वाक्य संपलं तरी पूर्णविराम येत नाही, दोन शब्द एकमेकांना चिकटतात. ‘अमेरिका’च्या आधीचं उपपद आणि अमेरिका यांचा मिळून ‘लामेरिका’ होतो. जान्नी आमेलिओ यांनी १९९४ सालच्या आपल्या चित्रपटाला नेमकं हेच चुकीचं जोडलेलं नाव दिलं. विद्यार्थ्याला हे पान शुद्ध करायला सांगितलं की त्याला उपपद, क्रियापदाची रूपं, विरामचिन्हं सगळं वापरावं लागतं. पण त्याआधी एक काम शिक्षकाने करून घ्यायला हवं. ही चूक का झाली, ते आधी विचारायचं. कानाने ऐकलेलं हाताने लिहिताना कुठे अडलं, बोलीतलं कोणतं रूप आत शिरलं, हे उलगडल्याशिवाय लाल पेन उचलायचं नाही. नाहीतर कोवेल्लोंच्या शिक्षिकेने आडनावाचं जे केलं तेच आपण त्या माणसाच्या वाक्यांचं करू.

अगदी पहिल्या आठवड्यातल्या विद्यार्थ्यालाही या साहित्याचा उपयोग होतो. एलिस बेटावरचं तपासणी केंद्र १८९२ मध्ये सुरू झालं. तिथे उतरणाऱ्यांच्या याद्या आज कोणालाही पाहता येतात. त्यांतले रकाने वाचा: नाव, वय, विवाहित की अविवाहित, धंदा, लिहिता-वाचता येतं का, शेवटचं राहण्याचं ठिकाण, कुठे जायचं आहे, तिकिटाचे पैसे कोणी दिले, खिशात किती आहेत, कोणाकडे चालला आहात. कुठल्याही भाषेच्या पहिल्या धड्यात हेच तर शिकवतात! एक विद्यार्थी अधिकारी होतो, दुसरा यादीतला एखादा मजूर. आणि जाता जाता एक गैरसमजही निघून जातो. नावं एलिस बेटावरच्या कारकुनांनी बदलली असं घरोघरी सांगितलं जातं. याद्या निघण्याच्या बंदरावरच तयार होत, बेटावर त्या फक्त पडताळल्या जात. नावं पुढे बदलली, शाळेत, कारखान्यात, आणि कित्येकदा माणसाने स्वतःहून.

परदेशात या भाषेचं काय झालं, तो भाग तर फार श्रीमंत आहे. न्यूयॉर्कच्या चाळींत नोकरीला ‘जोब्बा’, दुकानाला ‘स्तोरो’, मुकादमाला ‘बोस्सो’ असे शब्द रुळले. घरामागच्या संडासाला इंग्रजीतल्या ‘बॅक हाउस’वरून ‘बाक्काउझा’ म्हणू लागले, आणि परत आलेल्या ‘अमेरिकानी’ लोकांनी तो शब्द दक्षिण इटलीत नेला. जोव्हान्नी पास्कोली या मोठ्या कवीने १९०४ साली ‘इटली’ नावाची दीर्घ कविता छापली. तिचं शीर्षकच इंग्रजी आहे. अमेरिकेहून आजारी नातीला घेऊन टस्कनीतल्या घरी आलेल्या कुटुंबाची ती गोष्ट. आजी आणि नात एकमेकींशी बोलू शकत नाहीत, आणि कवीने तो सरमिसळ बोलीचा आवाज जसाच्या तसा छंदात बसवला. शाळेत पास्कोली म्हटलं की निसर्गाची छोटी गीतं शिकवतात. मला विचाराल तर ही कविता आधी शिकवावी.

ब्राझीलमध्ये वेगळंच घडलं. १८७५ पासून रिओ ग्रांदे दो सुलच्या डोंगरात व्हेनेतो, लोंबार्दिया, त्रेंतिनो इथले शेतकरी वसाहती करून राहिले. शेजारी शेजारी राहून त्यांच्या बोलींची एक सामाईक बोली तयार झाली, व्हेनेतोची छाप असलेली. तिला तालियान म्हणतात. इटलीत जी प्रमाण इटालियन पुढे पसरली ती यांनी ऐकलीच नव्हती. १९२४-२५ मध्ये एका कापुचिन धर्मगुरूने तिथल्या साप्ताहिकात नानेत्तो पिपेत्ता या भोळ्या, सुबत्तेच्या शोधात निघालेल्या मुलाची कथा तालियानमध्ये क्रमशः लिहिली आणि ती घरोघरी वाचली गेली. मग जेतुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीत, १९३७ नंतर, परकीय भाषांवर बंदी आली. बाजारात तालियान बोलणं म्हणजे अटकेला निमंत्रण. आजी-आजोबा मुलांशी बोलायचे थांबले, आणि ही भाषा अडाण्यांची आहे असं त्यांना स्वतःलाच वाटू लागलं. २००९ मध्ये सेराफिना कोरेआ या गावाने तालियानला पोर्तुगीजच्या जोडीने अधिकृत भाषा केलं आणि २०१४ मध्ये ब्राझीलच्या वारसा खात्याने तिला देशाच्या सांस्कृतिक ठेव्यात जागा दिली. तिथल्या एखाद्या नातवाला इटालियन शिकवताना तालियानला ‘बिघडलेली इटालियन’ म्हटलं, की इतिहासही खोटा शिकवला जातो आणि पोरगंही दुखावतं.

संस्कृतीच्या तासाला खाणंपिणं येतंच, त्याबद्दल थोडंसं. उत्तर इटलीचा गरीब शेतकरी वर्षानुवर्षं मक्याच्या पोलेंतावर जगला आणि त्यापायी पेलाग्रा या आजाराने खंगला. मांस, पांढरा पाव, रोजचा पास्ता ही चैन पुष्कळांना परदेशातल्या मजुरीने पहिल्यांदा परवडली. ‘पारंपरिक इटालियन जेवण’ शिकवताना हे सांगितलं नाही, तर त्या ताटामागची भूक विद्यार्थ्याला दिसतच नाही.

मला ज्या तारखेचा तास घ्यायला सगळ्यांत जास्त आवडेल ती आहे ८ ऑगस्ट. जून १९४६ मध्ये इटली आणि बेल्जियम यांच्यात करार झाला. इटलीने पन्नास हजार मजूर पाठवायचे आणि बदल्यात कोळसा घ्यायचा. गावोगावी गुलाबी कागदाची भित्तिपत्रकं लागली. मजुरी किती, कुटुंबभत्ता किती, सुट्ट्या किती, सगळं ठळक अक्षरांत. राहायला युद्धकैद्यांच्या छावण्यांतल्या पत्र्याच्या खोल्या मिळणार, हे मात्र त्यात नव्हतं. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेलच्या ब्वा द्यू काझिए खाणीत आग लागली आणि २६२ कामगार मेले. त्यांतले १३६ इटालियन होते. २००१ पासून हा दिवस इटलीत परदेशी राबलेल्या इटालियन कामगारांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळला जातो.

आणि ८ ऑगस्ट १९९१ रोजी बारी बंदरात व्लोरा नावाचं जहाज आलं. क्युबाहून साखर घेऊन दुर्रेसला लागलेलं हे जहाज अल्बेनियन लोकांनी ताब्यात घेतलं होतं. डोलकाठ्यांपर्यंत माणसं चढलेली, सुमारे वीस हजार. त्यांना शहरातल्या जुन्या स्टेडियममध्ये कोंडलं गेलं आणि बहुतेकांना परत पाठवलं गेलं. भाषेच्या शिक्षकाने इथे थांबावं. त्यांतल्या कितीतरी जणांना इटालियन येत होती. बंदिस्त राजवटीत राहून, समुद्रापलीकडून पकडलेल्या इटालियन दूरदर्शनवरची गाणी, खेळ आणि जाहिराती बघून ते ती शिकले होते. पुढे जान आंतोनिओ स्तेल्ला या पत्रकाराने २००२ साली ‘लोर्दा’ हे पुस्तक लिहिलं; त्याच्या उपशीर्षकात, अल्बेनियन आपणच होतो तेव्हाची ही गोष्ट आहे, असं इटालियनांना रोखठोक सांगितलेलं आहे.

१९९० नंतर इटालियन साहित्यात नवा आवाज आला तो येणाऱ्यांचा. इजाबा शेगो ही सोमाली आईबापांची रोममध्ये जन्मलेली लेखिका. तिच्या ‘साल्सिच्चे’ या कथेतली मुसलमान तरुणी आपलं इटालियनपण सिद्ध करायला डुकराच्या मांसाचे सॉसेज विकत आणते. २००३ साली या कथेला स्थलांतरित लेखकांसाठीचा पुरस्कार मिळाला. सोमालियाचं नाव निघालं की इटलीच्या वसाहतींचा विषय टाळता येत नाही. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने वीस हजार शेतकरी एका फटक्यात लिबियात नेऊन बसवले, तेही स्थलांतरच होतं, आणि ते दुसऱ्याच्या जमिनीवर होतं. गेलेल्यांचं दुःख तेवढं शिकवायचं आणि हे वगळायचं, असं करता येणार नाही.

याच पिढीतली लैला वाडिया मुंबईत जन्मली आणि त्रिएस्तेत जाऊन इटालियनमध्ये लिहू लागली. २००५ सालच्या ‘पेकोरे नेरे’ या संग्रहात तिची ‘कर्री दि पोल्लो’, म्हणजे ‘कोंबडीची करी’, ही कथा आहे. भारतीय आईबापांची, इटलीत वाढलेली मुलगी. मित्र घरी जेवायला येणार म्हणून तिच्या पोटात गोळा. आईने आज तरी करी करू नये, बापाने चारचौघांसारखं बोलावं, एवढंच तिचं मागणं. ईस्ट हार्लेममधल्या शाळकरी मुलांना जे वाटत होतं ते शंभर वर्षांनी इटलीत, उलट्या बाजूने, एका मुंबईकर लेखिकेने लिहिलं. वाडियांच्या २००७ सालच्या ‘आमिके पेर ला पेल्ले’ या कादंबरीत तर त्रिएस्तेतल्या एका जुन्या इमारतीतल्या परदेशी बायका मिळून इटालियनचे धडे गिरवतात. मराठी वाचकाने इटालियन शिकायला घेतली तर मी त्याच्या हातात दान्तेच्या आधी ही दोन पुस्तकं देईन.

कायद्याने मात्र गेलेल्यांचे वंशज आणि आलेल्यांची मुलं यांच्यात मोठी तफावत ठेवली. १९९२ च्या नागरिकत्व कायद्यात रक्ताचं नातं मुख्य. खापरपणजोबा इटालियन असल्याचे कागद दाखवले की ब्राझील-अर्जेंटिनातल्या माणसाला, इटालियनचा एक शब्द येत नसला तरी, पासपोर्ट मिळू शके. २०२५ मध्ये ही सवलत दोन पिढ्यांपुरती आखडली. परदेशी आईबापांचं इटलीत जन्मलेलं मूल मात्र इटालियनमध्ये स्वप्नं बघत असलं तरी अठरा वर्षांचं होईपर्यंत थांबतं. बाहेरून आलेल्या प्रौढाला तर २०१८ पासून नागरिकत्वासाठी मधल्या पातळीची भाषापरीक्षा द्यावी लागते.

काही शिक्षकांचा आक्षेप मी ऐकला आहे: विद्यार्थी इटालियनकडे येतात ते चित्रकला, ऑपेरा, फॅशन यांच्या ओढीने, त्यांच्यापुढे खाणी आणि छावण्या कशाला? शिवाय बोली आणि अशुद्ध पत्रं यांनी गोंधळ वाढेल. गोंधळ सुरुवातीला वाढतो, हे खरं आहे. म्हणून पत्राचं पूर्ण पान न देता चार ओळी द्याव्यात. पण सौंदर्याच्या ओढीने आलेला विद्यार्थीही माणूस कळल्यावर भाषेत जास्त टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

आणि हे फक्त हौशी विद्यार्थ्यांपुरतं नाही. इटलीत प्रौढांसाठी सरकारी शिक्षण केंद्रं आहेत. तिथे संध्याकाळी बांगलादेशी, पंजाबी, सेनेगाली, युक्रेनियन माणसं काम आटोपून इटालियन शिकायला बसतात. पो नदीच्या खोऱ्यात गोठे सांभाळणारे आणि रोमच्या दक्षिणेला लातीनाच्या शेतांत राबणारे पंजाबी शीख त्यात आहेत. २०२४ च्या जूनमध्ये लातीना भागात असाच एक मजूर शेतयंत्रात हात तुटून मेला. त्याला दवाखान्यात न नेता राहत्या जागेसमोर सोडून देण्यात आलं होतं आणि त्याच्याकडे कामाचा रीतसर करार नव्हता. अशा वर्गात १९४६ चं गुलाबी भित्तिपत्रक लावावं, सगळ्यांनी ते मोठ्याने वाचावं, अडलेले शब्द फळ्यावर लिहावेत. मग ज्याच्याकडे असेल त्याने आपला करार बाहेर काढावा आणि त्याच शब्दांत शोधावं: तास किती, मजुरी किती, राहायची सोय कोणाची, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, आणि कोणती गोष्ट लिहिलेलीच नाही.